ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासदत्व : आजीव वर्गणी भरण्यापूर्वी काय पाहावे?

उत्तरायण, डोंबिवली

सर्वांना नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका असून माझे वय ६४ आहे. यजमान ७१ वर्षांचे आहेत. गुडघेदुखीमुळे त्यांना जिना चढणे जड जाते आणि मुळात त्यांचा स्वभाव अबोल आहे. एकुलती एक मुलगी बंगळुरूला नोकरी करते. गावाकडचे घर बंद करून आम्ही गेल्या वर्षी येथे राहायला आलो. त्यामुळे हाकेच्या अंतरावरची जन्मभराची माणसे सुटली, आणि शेजारच्या सदनिकांमधील मंडळी सकाळी लोकल पकडायला जी बाहेर पडतात ती रात्रीच परततात.

आमच्या संकुलाजवळ महापालिकेने दिलेल्या जागेत एक ज्येष्ठ नागरिक संघ चालतो. संघाचे चिटणीस स्वतः घरी येऊन, आस्थेने चौकशी करून अर्ज देऊन गेले. प्रवेश शुल्क १०० रुपये, वार्षिक वर्गणी ३०० रुपये आणि आजीव वर्गणी ३,००० रुपये आहे. आम्ही दोघांनी आजीव सभासद व्हावे, असा त्यांचा आग्रह आहे. सोबतच्या पत्रकात एसटी प्रवासात सवलत, बँकेत जादा व्याज, सामूहिक आरोग्य विमा, सहली, व्याख्याने आणि वाढदिवसाचा सत्कार असे लाभ दिले आहेत. अर्जात जन्मतारीख, रक्तगट, मुलांचे पत्ते व फोन क्रमांक विचारले असून आधार कार्डाची छायाप्रतही जोडावयास सांगितली आहे.

मुलीचे मत निराळे आहे. ती म्हणते की, संघात जाऊन तुम्ही राजकारण आणि रुसवेफुगवेच ऐकाल, त्यापेक्षा ज्येष्ठांना घरपोच सेवा देणाऱ्या एखाद्या खासगी कंपनीचे वार्षिक सदस्यत्व घ्यावे; पैसे ती भरेल. त्यात कंपनीचा माणूस ठरावीक दिवशी घरी येऊन विचारपूस करतो, रुग्णालयात सोबत येतो आणि बिले भरणे, औषधे आणणे अशी कामे पाहतो.

वर्गणीची रक्कम आम्हाला जड नाही. परंतु या वयात एखाद्या संस्थेशी नाव जोडायचे तर तिच्याकडून नेमकी काय अपेक्षा ठेवावी, कोणत्या गोष्टी आधी तपासाव्यात आणि यजमानांसारख्या माणसाला तेथे खरोखर करमेल का, हे मला कळत नाही. ज्यांना आतून अनुभव आहे त्यांनी बरे-वाईट दोन्ही मोकळेपणाने सांगावे, ही विनंती.

हिशेबनीस, पुणे

ताई, मी पुण्याच्या उपनगरातील एका संघाचे कोषाध्यक्षपद बरीच वर्षे सांभाळले आहे, म्हणून पैशाच्या आणि कागदपत्रांच्या बाजूने लिहितो. माणसांच्या बाजूने इतर मंडळी लिहितीलच.

आपण पाठवलेल्या यादीतील पहिले दोन लाभ संघाचे नव्हेतच, ते आपल्याला सभासद न होताही मिळतात. ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना एसटीत निम्मे भाडे आहे आणि ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ योजनेखाली मोफत प्रवास आहे. आपले वय ६४ असले तरी मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट असल्याने आपल्याला तेही आजच लागू आहे. वाहक आधार कार्ड पाहतो. त्याला संघाचे ओळखपत्र दाखवण्याची गरज पडत नाही. ठेवीवरील जादा व्याज बँक वयाच्या दाखल्यावर देते, ते साधारण अर्धा टक्का असते. पोस्टातील व बँकांतील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ पासून ३० लाख रुपयांपर्यंत रक्कम ठेवता येते, त्यालाही कोणाची शिफारस लागत नाही. यजमानांनी सत्तरी ओलांडली असल्याने त्यांना उत्पन्नाची कोणतीही अट न लागता आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येईल. त्यात वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतील रुग्णालयांत होतात. आपले स्वतःचे नाव त्यात सत्तरी पूर्ण झाल्यावरच येईल.

मग संघाचा उपयोग काय, असे आपण विचाराल. चांगल्या संघात या कार्डाच्या नोंदणीचे शिबिर भरते. ज्यांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत त्यांच्यासाठी चेहऱ्याच्या ओळखीचा पर्याय वापरणारे कोणीतरी तेथे हजर असते, आणि नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचे कामही एका जागी बसून उरकते. सवलत सरकारची असते, पण ती पदरात पाडून घेण्याची खटपट एकट्याने करणे आणि दहाजणांसोबत करणे यांत मोठा फरक आहे. शिवाय कोणत्या योजनेसाठी कोणता कागद चालतो, हे संघात जितके बिनचूक कळते तितके खिडकीवर सहसा कळत नाही.

सामूहिक आरोग्य विम्याबाबत मात्र सावध राहावे. अशा विम्यात मुख्य करार संघाच्या नावाने असतो. पुढच्या वर्षी विमा कंपनीने दर परवडेनासा केला, किंवा संघाला तो करार चालू ठेवता आला नाही, तर सभासदाच्या हाती फारसे काही राहत नाही. केवळ विमा मिळवण्यासाठी गट स्थापन करण्यास विमा नियामकाची मुभा नाही, म्हणून ‘आधी सभासद व्हा, मग विमा मिळेल’ अशा भाषेत प्रचार चालला असेल तर खोलात चौकशी करावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला, सामूहिक विम्यावरचा गेला नाही, हेही तुलना करताना लक्षात घ्यावे. आपल्याकडे आधीची वैयक्तिक पॉलिसी चालू असेल तर ती कोणत्याही परिस्थितीत सोडू नये. नव्याने घ्यावयाची असेल तरी एप्रिल २०२४ पासून वयाच्या ६५ वर्षांची जुनी कमाल मर्यादा उठली आहे, त्यामुळे विचारून पाहण्यास हरकत नाही.

आता आजीव वर्गणी. तत्त्वतः ही रक्कम संघाने कायम ठेवीत ठेवावी आणि केवळ व्याजातून त्या सभासदाचा खर्च भागवावा. ३,००० रुपयांवर ७ टक्के धरले तर वर्षाला २१० रुपये येतात. वार्षिक सभासदाकडून ३०० रुपये येतात. म्हणजे आजीव सभासद जितके अधिक तितकी चालू उत्पन्नाची बाजू लंगडी, आणि ती भरून काढण्यासाठी नव्या आजीव सभासदांची वर्गणी चालू खर्चात घालण्याचा मोह होतो. ज्या संघात हा मोह आवरला जात नाही, तेथे काही वर्षांत ठेवी संपतात, वर्धापनदिन मात्र थाटात होत राहतात. चिटणीसांचा आग्रह प्रामाणिक असू शकतो, परंतु मागील ताळेबंदात आजीव सभासदांची एकूण जमा किती आणि कायम ठेवी किती, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ठेवी जमेपेक्षा बऱ्याच कमी असतील तर वार्षिक वर्गणी भरून थांबावे. आपल्या बाजूने पाहिले तरी आजीव वर्गणीची फेड दहा वर्षांनी होते, तेव्हा घाई करण्याजोगे त्यात काही नाही.

कागदपत्रांविषयी एवढेच सांगतो की, नोंदणी असलेला संघ सहसा १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली व १९५०च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली अशा दोन्हीकडे नोंदलेला असतो. त्याला दरवर्षी हिशेब तपासून घेऊन लेखापरीक्षण अहवाल धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो, आणि कार्यकारिणी बदलली की चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. ‘शेड्यूल वन’चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील न्यासाच्या नोंदवहीचा, उतारा मागावा. त्यावरची विश्वस्तांची नावे आणि आज खुर्चीवर बसलेली माणसे निराळी असतील, तर निवडणुका झाल्या पण नोंद झाली नाही, किंवा निवडणुकाच झाल्या नाहीत, यांपैकी काहीतरी एक आहे. कागद विचारल्यावर चिटणीसांचा चेहरा कसा होतो, हेही पाहून ठेवावे.

कृष्णाकाठ, मिरज

हिशेबनीस काकांनी पैशाचे सगळे सांगितले. मी एक बाई म्हणून लिहिते, कारण पत्रकात ‘सभासद’ म्हटले तरी बहुतेक संघ पुरुषांच्या सोयीने चालतात, ही गोष्ट कोणी आधी सांगत नाही.

आमच्या संघाची बैठक पूर्वी संध्याकाळी साडेसहाला असे. त्या वेळी पुरुषमंडळी फिरून येऊन निवांत बसत आणि बायकांची घरी स्वयंपाकाची, नातवंडांच्या अभ्यासाची वेळ असे. यादीत निम्म्या स्त्रिया होत्या, बैठकीला मात्र मागच्या रांगेत चार-पाचजणी दिसत. मनोगत व्यक्त करायला पुरुष उठत आणि आभार मानायला व चहाचे कप भरायला आम्ही. पुढे चिटणीसपदी एक निवृत्त परिचारिका आल्या आणि त्यांनी बैठक चारला घ्यावी असा ठराव मांडला. त्यावर पुष्कळ वाद झाला, पण ठराव मंजूर झाला. आता चार ते साडेपाच या वेळात मागची रांग भरून पुढच्या रांगाही स्त्रियांनी भरतात. तेव्हा ताई, बैठकीची वेळ काय आहे आणि कार्यकारिणीत स्त्रिया किती व कोणत्या पदांवर आहेत, हे जरूर विचारा. केवळ ‘महिला प्रतिनिधी’ म्हणून एखादे नाव घातलेले असेल तर तेथे आपला शब्द चालणार नाही.

दुसरी गोष्ट नाजूक आहे, पण या वयाच्या संस्थेत ती टाळता येत नाही. संक्रांतीला संघात हळदीकुंकू ठेवले की सभासदांपैकी कितीतरी स्त्रिया त्या दिवशी येत नाहीत, कारण त्यांचे यजमान हयात नसतात. ज्या संस्थेत सगळेच उतारवयाचे आहेत तेथे असा कार्यक्रम ठेवणे म्हणजे आपल्याच सभासदांना दाराबाहेर उभे करणे होय, असे माझे ठाम मत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आमच्याकडे त्यावर चर्चा झाली आणि त्यानंतरच्या संक्रांतीपासून सरसकट सर्वांचा तिळगूळ समारंभ होतो. कुंकवाऐवजी प्रत्येकीला फूल दिले जाते. आपल्या संघात काय चालते ते पाहावे. त्यावरून त्या मंडळींच्या मनाचा जितका अंदाज येतो तितका व्याख्यानांच्या यादीवरून येत नाही.

आणि कोणत्याही हिशेबात न बसणारा लाभ सांगते. आमच्याकडे हजेरीची वही आहे. लागोपाठ दोन बैठकांना एखादे नाव दिसले नाही की त्या गल्लीत राहणारा सभासद घरी डोकावतो. गेल्या पावसाळ्यात अशाच एका फेरीत एक बाई न्हाणीघरात पडलेल्या सापडल्या. मुलगा परगावी होता आणि फोन दुसऱ्या खोलीत. त्या आज चालत्याफिरत्या आहेत. आपल्या लेकीला हे अवश्य सांगा.

मोकळी वाट, नाशिक

वरील दोन्ही उत्तरे वाचली. दोघांचे संघ चांगले आहेत, याचा आनंद आहे. मी मात्र सभासदत्व सोडलेला माणूस आहे, आणि ते का सोडले हे प्रश्नकर्तीला कळणे आवश्यक वाटते.

संघ म्हणजे वयस्क, ठेवी असलेल्या, वेळ असलेल्या आणि आदराने बोलणाऱ्यावर चटकन विश्वास टाकणाऱ्या माणसांची तयार यादी असते. ही गोष्ट विक्रेत्यांना आपल्यापेक्षा आधी कळलेली आहे. आमच्या बैठकीत ‘आरोग्यविषयक व्याख्यान’ म्हणून जाहीर झालेल्या कार्यक्रमात व्याख्यात्याने अखेरीस चुंबकीय गाद्या काढल्या. ‘गुंतवणूक मार्गदर्शन’ म्हणून आलेल्या गृहस्थांनी वीस मिनिटे महागाईची भीती घालून मग दरमहा दोन टक्के परतावा देणाऱ्या योजनेचे अर्ज वाटले. ज्यांनी त्यात पैसे घातले त्यांतील काहीजण अजूनही मुद्दल मागत फिरत आहेत. संघाने हे जाणूनबुजून केले असे मी म्हणणार नाही. व्यासपीठ देण्यापूर्वी चौकशी करायची असते, हे कोणाला सुचलेच नाही. पण व्यासपीठ संघाचे असल्यामुळे लोकांनी विश्वास ठेवला, आणि नंतर ‘तो तुमचा वैयक्तिक व्यवहार’ असे म्हणून कार्यकारिणी बाजूला झाली. मोफत नेत्रतपासणी शिबिरांचेही तेच. तपासणी मोफत असते, पण त्याच रुग्णालयात शस्त्रक्रिया करावी असा आग्रह पुढे सुरू होतो.

म्हणून ताई, मला आधार कार्डाच्या छायाप्रतीची अट खटकते. वयाचा पुरावा म्हणून आधार दाखवावे, प्रत देऊ नये. द्यावीच लागली तर पहिले आठ अंक झाकलेले ‘मास्क्ड आधार’ उतरवून घ्यावे आणि प्रतीवर ‘केवळ सभासदत्वासाठी’ असे लिहून तारीख घालावी. सभासदांची नावे, जन्मतारखा, फोन क्रमांक आणि परगावी असलेल्या मुलांचे पत्ते छापलेली स्मरणिका जाहिरातदारांच्या हातात जाते, तेव्हा ‘तुमच्या मुलाला पोलिसांनी पकडले आहे’ असे फोन कोणाला करावेत हे ठगांना शोधावे लागत नाही. आपली माहिती स्मरणिकेत छापू नये असे अर्जावरच लिहून द्यावे.

सहलीचे पैसे कोणाच्या नावावर जमा होतात, हेही पाहावे. संघाच्या खात्यावर धनादेशाने किंवा यूपीआयने जात असतील आणि पावती मिळत असेल तर ठीक. एखाद्या पदाधिकाऱ्याच्या वैयक्तिक क्रमांकावर जात असतील तर सहल कितीही स्वस्त असली तरी जाऊ नये.

न्यायवाट, ठाणे

मोकळी वाट यांचा इशारा योग्यच आहे. तरीही संघ सोडून द्यावा, या निष्कर्षापर्यंत मी येणार नाही, आणि त्याचे कारण कायद्यात आहे. ते फारसे कोणाला ठाऊक नसते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम २००७ साली आला. ६० वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती या कायद्यात ज्येष्ठ नागरिक आहे. मुले सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि दरमहा कमाल १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊ शकतो. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा जमीन बक्षीसपत्राने दिली आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर कलम २३ प्रमाणे ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येते. अर्ज कोणी करावा, हे कलम ५ मध्ये सांगितले आहे : स्वतः ज्येष्ठाने, आणि तो असमर्थ असेल तर त्याने अधिकार दिलेल्या दुसऱ्या व्यक्तीने किंवा संस्थेने. ‘संस्था’ म्हणजे नोंदणी झालेली स्वयंसेवी संघटना, अशी व्याख्या तेथेच दिली आहे. कलम २३ खालीही असमर्थ ज्येष्ठाच्या वतीने अशी संस्था पाऊल उचलू शकते.

याचा व्यवहारातला अर्थ फार मोठा आहे. अंथरुणाला खिळलेली, सुनेच्या किंवा मुलाच्या धाकाखाली असलेली व्यक्ती प्रांत कार्यालयात जाणार कशी? शेजारी मध्ये पडायला कचरतात, नातेवाईक ‘घरातला मामला’ म्हणतात. अशा वेळी नोंदणीकृत संघाच्या दोन पदाधिकाऱ्यांनी अर्ज घेऊन जाणे, तारखांना हजर राहणे आणि त्याआधी घरी जाऊन मुलाशी शांतपणे बोलणे, एवढ्याने कित्येक प्रकरणे अर्जापर्यंत न जाताच मिटतात. मी असे बोलणे जवळून पाहिले आहे. मुलगा वडिलांचे ऐकत नव्हता, पण दिवाणखान्यात येऊन बसलेल्या निवृत्त मुख्याध्यापकांपुढे त्याचा आवाज खाली आला आणि वडिलांचे एटीएम कार्ड त्याने त्याच दिवशी परत केले. म्हणून हिशेबनीसांनी सांगितलेली नोंदणीची चौकशी केवळ हिशेबापुरती नाही. नोंदणी नसलेल्या कट्ट्याला, तेथील माणसे कितीही प्रेमळ असली तरी, कायद्याने हे स्थान दिलेले नाही.

दुसरा मुद्दा सामूहिक मागणीचा. रेल्वेत पुरुषांना ४० टक्के आणि महिलांना ५० टक्के सवलत होती. ती मार्च २०२० मध्ये थांबवली गेली आणि पुन्हा सुरू झालेली नाही. कायद्याने ज्येष्ठत्व साठीला येते, पण एसटीची सवलत पासष्टीला सुरू होते. अशा विसंगतींविरुद्ध एकेकट्याने लिहिलेले पत्र फायलीत जाते. संघांचा राज्यपातळीवर ‘फेस्कॉम’ हा महासंघ आहे आणि शासनदरबारी निवेदने त्याच्यामार्फत जातात. आपला संघ त्याच्याशी संलग्न आहे का, एवढे विचारून ठेवावे. मागण्या लगेच मान्य होतात असे मुळीच नाही. परंतु २०१३ मध्ये राज्याचे ज्येष्ठ नागरिक धोरण जाहीर झाले, त्यामागे वर्षानुवर्षांचा असा पाठपुरावा होता, आणि तो करणाऱ्यांपैकी अनेकांना त्याचे फळ पाहायला मिळाले नाही.

संघ असो वा नसो, १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावावेत. आपण दोघेच राहत असल्याची नोंद स्थानिक पोलीस ठाण्यातही करून ठेवावी.

हडसनपार, न्यू जर्सी

मी अमेरिकेत राहतो, म्हणून येथील एक उदाहरण थोडक्यात देतो. येथे ‘एएआरपी’ ही पन्नाशीपुढच्यांची प्रचंड संघटना आहे. तिचे सभासद साडेतीन कोटींहून अधिक आहेत. १९५८ साली एथेल पर्सी अँड्रस या निवृत्त मुख्याध्यापिकेने ती स्थापन केली. निवृत्त शिक्षकांना आरोग्य विमा मिळत नव्हता, हे तिच्या कामामागचे मूळ कारण होते. वार्षिक वर्गणी अगदी किरकोळ आहे. हॉटेल, चष्मे, प्रवास यांवरच्या सवलतींची जाहिरात सतत होते, परंतु त्यांतील बऱ्याच सवलती इतर मार्गांनीही मिळतात. संघटनेचे मोठे उत्पन्न वर्गणीतून येत नाही. तिचे नाव वापरून विमा विकणाऱ्या कंपन्या जे मानधन देतात त्यातून ते येते. त्यामुळे ती सभासदांची की कंपन्यांची, हा वाद येथे नेहमी चालतो. दुसऱ्या बाजूला औषधांच्या किमतींवर सरकारने घासाघीस करावी यासाठी तिने लावलेला जोर २०२२ च्या कायद्यात फळाला आला, हेही खरे आहे.

माझे सांगणे इतकेच की, आपल्या गल्लीतल्या संघालाही हाच प्रश्न लागू पडतो : उत्पन्नाचा मोठा वाटा सभासदांकडून येतो, देणगीदार रुग्णालयाकडून की स्थानिक पुढाऱ्याकडून? ज्याच्याकडून तो येतो त्याला नाही म्हणणे संघाला जड जाते.

आपल्या मुलीच्या जागी मीही आहे, माझे आई-वडील सांगलीत असतात. त्यांच्यासाठी मी खासगी सेवा घेतली आहे आणि ती उपयोगी आहे. करार मात्र नीट वाचावा. ‘तातडीची मदत’ म्हणजे बहुधा फोनवरून रुग्णवाहिका बोलावून देणे एवढेच असते, रुग्णवाहिकेचे व रुग्णालयाचे पैसे वेगळे. येणारा माणूस वारंवार बदलतो. मधेच सेवा थांबवली तर उरलेली रक्कम परत मिळते का, हेही आधी विचारावे. मी ती सेवा बंद करणार नाही, पण वडिलांनी कोणाशी मनातले बोलावे ही गरज तिने भागलेली नाही. त्यासाठी ते संघातच जातात.

उत्तरायण, डोंबिवली

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मुलीलाही सर्व उत्तरे वाचायला पाठवली. न्हाणीघरातला प्रसंग वाचून तिने लगेच फोन केला. संघात जाण्यास तिचा आता विरोध नाही, मात्र बाबांच्या रुग्णालयाच्या फेऱ्यांसाठी सहा महिन्यांपुरती खासगी सेवाही घेऊन पाहावी, असे ती म्हणते आणि ते मला पटते.

काल मी चिटणीसांना भेटून ‘शेड्यूल वन’ आणि मागील दोन वर्षांचे ताळेबंद मागितले. त्यांना राग आला नाही. उलट ‘असे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच’ म्हणाले आणि गुरुवारी दाखवतो असे सांगितले. बैठक पाच वाजता असते. कार्यकारिणीच्या अकराजणांत तीन स्त्रिया असून एक सहकोषाध्यक्ष आहेत. आधार केवळ पाहून परत देण्यासही ते तयार झाले. हळदीकुंकवाचे विचारले तेव्हा मात्र ‘ते महिला विभाग बघतो’ असे उत्तर मिळाले. तो विषय मला आत गेल्यावर काढावा लागेल असे दिसते.

एक शंका उरली आहे. केंद्र तळमजल्यावर आहे, त्यामुळे जिन्याचा प्रश्न नाही. परंतु यजमान म्हणतात की, ‘मला ओळख करून द्यायला उभे करतील, दोन शब्द बोलायला सांगतील, त्यापेक्षा मी घरी वाचत बसतो.’ त्यांच्यावर बळजबरी करण्याची माझी इच्छा नाही. अशा माणसांना आपल्या संघांत कोणी सामावून घेतले आहे का?

हिशेबनीस, पुणे

ताई, अबोल माणसाला सभेत बसवू नये, त्याला काम द्यावे. आमच्याकडे असेच एक गृहस्थ होते, तार खात्यातून निवृत्त झालेले. बैठकीला येत नसत. संघाच्या वाचनालयातील पुस्तकांना कव्हरे घालून क्रमांक टाकण्याचे काम आहे, असे सांगून त्यांना सकाळी बोलावले, तेव्हा तेथे फक्त दोघे-तिघे असत. कपाटे लागली, देवघेवीची वही त्यांच्याकडे आली आणि पुस्तक बदलायला येणाऱ्यांशी एकेकट्याने बोलणे होऊ लागले. सभेत ते पुढेही कधी उभे राहिले नाहीत आणि आम्हीही कधी आग्रह केला नाही. आपले यजमान वाचनाचे शौकीन दिसतात. केंद्रात वर्तमानपत्रे किंवा वाचनालय असेल तर सकाळची वेळ विचारून पाहावी, आणि चिटणीसांना आधीच सांगून ठेवावे की नव्या सभासदांच्या परिचयात यांचे नाव फक्त वाचावे, व्यासपीठावर बोलावू नये.

वर्गणीचे म्हणाल तर प्रथम आपण एकटीनेच वार्षिक सभासद व्हावे आणि यजमानांना काही दिवस पाहुणे म्हणून नेता येईल का, ते नियमावलीत पाहावे. गुरुवारी ताळेबंद हाती आला की आजीव सभासदांची जमा आणि कायम ठेवी हे दोन आकडे येथे लिहावेत, सगळे मिळून पाहू.